कापूस वेचायच्या शर्टासाठी पॅटर्न निवडताना आकडे कसे वाचायचे?

सुताची_गुंडी (चोपडा)
१४ सप्टेंबर, रात्री ९:५०

नमस्कार मंडळी. धागा जरा लांबेल, पण मदत हवी आहे म्हणून सगळं सविस्तर लिहिते.

वेचणीला जाणाऱ्या बाया साडीवर घरातल्या पुरुषाचा जुना फुल शर्ट घालतात, हे खानदेशातल्या कोणाला सांगायला नको. ऊन लागू नये, बोंडाच्या वाळक्या टोकांनी हात ओरबाडू नयेत म्हणून. माझी आई कित्येक वर्षं वडिलांचे शर्ट घालते. खांदा दंडावर उतरलेला, बाह्या चार-चार वेळा दुमडलेल्या, आणि खाली साडीवर शर्ट इतका ताणला जातो की शेवटची दोन बटणं कधी लागतच नाहीत. दिवसभर वाकून काम करणाऱ्या बाईजवळ तिच्या मापाचा एक शर्ट नसावा, हे मला फार दिवसांपासून खुपतंय. यंदा ठरवलं की दसऱ्याच्या आत आई, दोन मावश्या, काकू आणि शेजारच्या दोघी असे सहा शर्ट शिवायचे.

मला ब्लाऊज, पंजाबी ड्रेस, फ्रॉक येतात. कॉलरचा शर्ट कधी बेतलेला नाही. म्हणून बहिणीकरवी परदेशी कंपनीचा कागदी पॅटर्न (कापडावर ठेवून कापायचा तयार साचा) मागवला, बायकांच्या सैल शर्टाचा. एकाच कागदावर १४ ते २२ नंबरच्या रेषा आहेत. पाकिटामागच्या तक्त्यात १८ नंबरला छाती ४०, कंबर ३२, सीट (नितंबांचं माप) ४२ असं दिलंय. आईची छाती बरोबर ४०. म्हणून १८ कापला. चांगल्या कापडाला कात्री लावायचा धीर झाला नाही, जुन्या सुती साडीचा शिवून पाहिला.

खांदा दोन्हीकडे इंचभर खाली आला. गळा मागून उघडा पडला, पाठीत कापड गोळा होतंय, आणि सीटला साडीवरून बसताना ओढ बसते. म्हणजे वर सैल आणि खाली घट्ट, वडिलांच्या शर्टाला जे दुखणं होतं तेच.

नंबर चुकला, की पॅटर्नच चुकीचा निवडला? की हे सगळं सोडून क्लासातल्या सूत्राने खाकी कागदावर काढू?

---

पन्हा_चव्वेचाळीस (जळगाव)
१४ सप्टेंबर, रात्री १०:२२

ताई, विषय फार आवडला. आधी एक सांगा, छातीचं माप एकच घेतलंत का? छातीच्या वरून, काखेतून जाणारं माप घेतलंय? आणि सीट साडीवरून मोजली की नुसती?

---

सुताची_गुंडी (चोपडा)
१५ सप्टेंबर, सकाळी ७:०५

काखेतून आत्ताच घेतलं. ३६ आलं. भरलेल्या छातीवर ४०. सीट नुसती ४२, साडी नेसल्यावर ४५.

---

धावदोरा (धुळे)
१५ सप्टेंबर, दुपारी ३:४०

या दोन मापांतच तुमचं उत्तर आहे. बरीच वर्षं शिवणवर्ग घेतले, त्यामुळे थोडं विस्ताराने लिहिते.

पॅटर्नचा नंबर म्हणजे दुकानातल्या कुर्तीचा नंबर नव्हे. एकाच कपड्याचे वेगवेगळ्या मापांचे कागदी पॅटर्न विकायची सुरुवात १८६३ साली अमेरिकेत बटरिक नावाच्या शिंप्याने केली. तयार कपड्यांचे नंबर पुढे सैल होत गेले, पॅटर्नवाल्यांनी आपला जुना तक्ता धरून ठेवला. म्हणून दुकानात मिडियम घेणारी बाई पॅटर्नमध्ये १६ नंबरची निघते. त्याचं वाईट वाटून घेऊ नये आणि नंबर मनानं कमीही करू नये.

आता मुद्दा. या मोठ्या अमेरिकन कंपन्यांचा पॅटर्न ज्या शरीरासाठी काढलेला असतो, त्यात काखेतलं माप आणि भरलेली छाती यांत साधारण दोन इंचांचा फरक धरलेला असतो. तुमच्या आईंचा फरक चार इंच आहे. ४० बघून १८ घेतला की कागदाला वाटतं, या बाईचा खांदा, गळा, पाठ, मुंढा (बाही जोडायचा काखेचा गोल) सगळंच चाळीस छातीचं आहे. आईंची हाडं मात्र लहान मापाची आहेत, भरलेपणा फक्त पुढच्या बाजूला आहे. म्हणून खांदा उतरला, पाठीत कापड गोळा झालं.

फरक अडीच इंच किंवा जास्त असेल तर छातीच्या रकान्यात काखेतलं माप धरायचं. ३६ म्हणजे १४ नंबर. खांदा, गळा आणि मुंढा हे जिथे बसतात तो नंबर तुमचा. छाती, कंबर, सीट नंतर वाढवता येते. खांदा आणि मुंढा सुधारत बसलात तर कॉलर, बाही, पाठ सगळंच उसवावं लागतं.

दुसरी गोष्ट, पॅटर्नच्या कागदावर पुढच्या भागावर, छातीच्या गोल खुणेजवळ, तयार कपड्याचं माप छापलेलं असतं. ते सापडतंय का बघा. तक्त्यातलं माप शरीराचं असतं आणि हे कपड्याचं. दोन्हींतली वजाबाकी म्हणजे लूजिंग. माझ्या मते पाकीटभर आकड्यांत सगळ्यात कामाचा आकडा हाच.

---

सुताची_गुंडी (चोपडा)
१५ सप्टेंबर, रात्री ८:१५

सापडला! १४ ला छाती ४३½, सीट ४४. १८ ला छाती ४७½, सीट ४८. हे कागदावर आहे हे मला माहीतच नव्हतं. मी फक्त पाकीट वाचत होते.

---

मुंढा_तिरा (अमळनेर)
१६ सप्टेंबर, सकाळी ११:३०

मी शिंपीकाम करतो, वडिलांपासून दुकान आहे. माझं मत वेगळं आहे, सरळ लिहितो. गोऱ्या बाईच्या मापाचा कागद आपल्या बाईला का बसवायचा? टेप घ्या, छातीचा चौथा भाग, मुंढा छातीच्या सहाव्या भागाने, पुढचा गळा, मागचा गळा, झालं. आमच्या वडिलांनी कधी कागद वापरला नाही, सरळ कपड्यावर खडू मारायचे.

---

धावदोरा (धुळे)
१६ सप्टेंबर, दुपारी ४:१०

दादा, तुमच्या हाताचा आदर आहे. पण तुमच्याच सूत्रात ४० घालून बघा. सहावा भाग ६⅔ इंच. ३६ घातलं तर ६. म्हणजे सूत्रसुद्धा छाती भरली की मुंढा खोल करतं. जी चूक १८ नंबरने केली तीच सूत्र करतं, कारण दोघंही छातीवरून बाकीचं शरीर ओळखायला जातात. मोठ्या छातीच्या बायका ब्लाऊजचा मुंढा सैल आणि गळा उतरतो म्हणून तक्रार करतात, त्यातल्या कितीतरी जणींचं कारण हेच असतं. वर्गात मीसुद्धा सुरुवातीची काही वर्षं तेच सूत्र शिकवलं. मुलींनी सांगितलेलं नीट ऐकलं तेव्हा बदललं.

---

मुंढा_तिरा (अमळनेर)
१६ सप्टेंबर, रात्री ९:००

मान्य. पण मी तिरा, म्हणजे खांद्याची रुंदी, सूत्राने काढत नाही, अंगावरून मोजतो. मुंढ्याचा गोलही टेपने घेतो. सूत्र फक्त अंदाजाला.

---

धावदोरा (धुळे)
१६ सप्टेंबर, रात्री ९:२५

मग आपण दोघं एकच सांगतोय. तुम्ही तिरा अंगावरून घेता, ती पॅटर्नमध्ये तिऱ्याला बसेल तो नंबर घेईल. शिवाय कॉलर, पट्टी, कफ हे पहिल्यांदा करणाऱ्याला तयार पॅटर्नचा मोठा आधार होतो. तुकडे एकमेकांना जुळणारे मिळतात, काठावरच्या खाचा जुळवल्या की बाही कुठली पुढची, कुठली मागची हा घोळ राहत नाही.

---

तापीकाठ (शहादा)
१७ सप्टेंबर, सकाळी १०:४५

मला एक मूलभूत शंका. लूजिंग किती असावं हे कसं ठरवायचं? ब्लाऊजला आपण इंच-दोन इंच ठेवतो. शर्टाला?

---

धावदोरा (धुळे)
१७ सप्टेंबर, दुपारी १:३०

न ताणणाऱ्या कापडाला, अंगासरशी बसणाऱ्या कपड्यात छातीला तीन-चार इंच. सैल कपड्यात पाच ते आठ. घामाच्या दिवसांत, हात चालवायच्या कामाला पाचच्या खाली जाऊ नये असं मी सांगेन. ब्लाऊजचा हिशेब इथे लावू नका. ब्लाऊजवर पदर असतो, शर्टात वारं खेळायला हवं.

आता ताईंच्या आईचं गणित मांडते. १४ ची तयार छाती ४३½, आईंची ४०, लूजिंग ३½. कमी पडेल. पुढच्या भागात एकूण दोन इंच वाढवा, म्हणजे अर्ध्या भागात एक. तुमच्या पॅटर्नला बाजूचा टक (छातीला आकार देणारी निमुळती शिवण) असेल तर काम सोपं आहे. घेरापासून, म्हणजे शर्टाच्या खालच्या काठापासून, उभी रेघ छातीच्या टोकापर्यंत आणि तिथून मुंढ्याच्या खालच्या तिसऱ्या भागाकडे ओढा. दुसरी रेघ बाजूकडून टकाच्या मधून त्याच टोकापर्यंत. दोन्ही रेघा कापा, फक्त उभ्या रेघेला मुंढ्याच्या शिलाईवर आणि टकाच्या रेघेला छातीच्या टोकाशी कागद किंचित चिकटलेला राहू द्या. आता कागद एक इंच उघडा. टक आपोआप मोठा होतो. मधला भाग खाली थोडा आखूड राहतो, तो आडवा कापून खाली सरकवा आणि घेर एका रेषेत आणा. मागे दुसरा कागद चिकटवा.

छाती आता ४५½, लूजिंग ५½. हे दोन इंच घेरापर्यंत येतात, म्हणून सीट ४४ ची ४६ झाली. बाजूच्या शिलाईला कंबरेपासून १४ ची रेघ सोडून हळूहळू १८ च्या रेघेवर या, आणखी चार इंच मिळाले, एकूण ५०. साडीवरची सीट ४५. एकाच कागदावर सगळे नंबर छापण्याचा फायदा हाच. वर एक आणि खाली दुसरा घेता येतो. मात्र वळण गोलाईने जोडा, कोपरा ठेवू नका.

---

मुंढा_तिरा (अमळनेर)
१७ सप्टेंबर, रात्री ८:५०

गणित पक्कं आहे. आता माझ्या अनुभवाची एक गोष्ट, जी पाकिटावर लिहिलेली नसते.

वेचणीत हात सारखा पुढे आणि खाली जातो. पाठ ओढली गेली तर छातीला कितीही लूजिंग असो, शर्ट अडतो. म्हणून पॅटर्न निवडतानाच पाकिटावरचा फोटो बाजूला ठेवून रेषाचित्र बघायचं. त्यात दोन गोष्टी शोधा. एक, पाठीवर आडवा जोड आणि त्याखाली मधोमध चुणी आहे का. नसेल तर मागचा भाग घडीवर ठेवताना कागद घडीपासून एक इंच आत सरकवा, चुणीला दोन इंच कापड मिळेल. दोन, बाहीची वरची टेकडी किती उंच आहे. टेकडी उंच आणि अरुंद असली की हात खाली सोडल्यावर बाही सुंदर दिसते, पण हात उचलला की सगळा शर्ट वर येतो. टेकडी बुटकी आणि रुंद असली की काखेत थोड्या वळ्या पडतात, पण हात मोकळा फिरतो. ऑफिसच्या शर्टाला पहिली, शेतातल्या शर्टाला दुसरी. पुरुषांच्या साध्या शर्टाची बाही बुटकीच असते. बायांना वडिलांचा, नवऱ्याचा शर्ट शेतात सोसतो त्याचं एक कारण हेही आहे.

---

धावदोरा (धुळे)
१७ सप्टेंबर, रात्री ९:१५

दादा, हे लिहिलंत ते फार बरं केलंत. बाहीचा मुद्दा माझ्याकडून राहिला होता.

---

भुसावळची_लेक (सध्या पुणे)
१८ सप्टेंबर, दुपारी १२:२०

मायेबद्दल कोणी बोललं नाही म्हणून लिहिते. शिवणीसाठी किती कापड सोडलंय हे प्रत्येक पॅटर्नचं वेगळं असतं आणि इथेच खूप जणी फसतात. अमेरिकन पाकिटातल्या पॅटर्नमध्ये साधारण दीड सेंटीमीटर माया धरूनच रेघ असते. बुर्दा या परदेशी शिवण मासिकाच्या मोठ्या कागदावर रेघा एकमेकींवर छापलेल्या असतात, त्या उतरवून घ्यायच्या आणि माया आपण वेगळी वाढवायची. मी पहिला बुर्दाचा टॉप तसाच कापला होता, अंगात शिरलाच नाही. नंबरही युरोपचे, त्यांच्या तक्त्यात ४४ नंबर म्हणजे छाती १०० सेंटीमीटर. इंच समजून वाचू नका.

आणि आपली पद्धत सोडू नका. आपण ब्लाऊजच्या बाजूला इंच-दीड इंच माया आत ठेवतो, पुढे उसवून सैल करता यावं म्हणून. परदेशी पॅटर्नमध्ये ती सोय नसते. ताई, बाजूच्या शिलाईला आणि बाहीच्या खालच्या शिलाईला एकेक इंच वाढवा. मुंढ्याला आणि गळ्याला मात्र वाढवू नका, तिथे जास्त माया ठेवली की गोलाई आखडते.

---

केळीचं_पान (रावेर)
१८ सप्टेंबर, संध्याकाळी ६:४०

आमच्याकडे कागदी पॅटर्न मिळत नाहीत, म्हणून मी पीडीएफ विकत घेतो. माझ्यासारख्या कोणाला उपयोग होईल म्हणून सांगतो. भाचीच्या फ्रॉकचा पॅटर्न ए-४ कागदांवर छापून आणला, सव्वीस पानं चिकटवली, शिवला, आणि फ्रॉक डोक्यातून जाईना. पहिल्या पानावर १० सेंटीमीटरचा चौकोन होता, तो पट्टीने मोजला तर ९.४ भरला. छापताना पानात बसवण्याचा पर्याय चालू राहिला होता. म्हणजे छाती ४० ची असती तर ३७.६ झाली असती. आता दुकानात पट्टी घेऊन जातो, फक्त चौकोनाचं पान आधी छापून घेतो, मोजतो, मग बाकीची. आकार शंभर टक्के हाच पर्याय हवा. घराचे नकाशे छापून देणारे असतात त्यांच्याकडे ए-० कागदावर एका तुकड्यात निघतो, चिकटवायची कटकट नाही. जळगावात मी तसंच करतो.

---

पन्हा_चव्वेचाळीस (जळगाव)
१८ सप्टेंबर, रात्री ९:३०

कापडाचं मी सांगते, फुले मार्केटमध्ये माझी अर्धी हयात गेली आहे. पाकिटावर कोणतं कापड चालेल ते लिहिलेलं असतं, ती शिफारस गांभीर्याने घ्या. न ताणणाऱ्या कापडाचा पॅटर्न होजियरीत (ताणणाऱ्या कापडात) किंवा उलट केला तर सगळं लूजिंग चुकतं. शेतातल्या शर्टाला पॉपलिन किंवा केंब्रिक, दाट विणीचं. विरळ विणीत बोंडाची टोकं अडकून धागे निघतात. सुरतेचा सिंथेटिक माल स्वस्त मिळतो आणि रंग जात नाही, पण दुपारी रानात तो अंगाला चिकटतो.

पाकिटावर कापड किती लागेल ते बहुतेक ४५ आणि ६० इंच पन्ह्यासाठी (कापडाच्या रुंदीसाठी) असतं. आपल्याकडे ३६ पन्ह्याचं सुती कापडही भरपूर मिळतं, त्याला तो आकडा पुरणार नाही. मी काय करते, जुनी चादर ३६ पन्ह्याची घडी घातल्यासारखी १८ इंच रुंद दुमडते, जमिनीवर पसरते, सगळे तुकडे मांडून बघते आणि लांबी मोजते. मांडताना प्रत्येक तुकड्यावरचा लांब बाण उभ्या धाग्याला समांतर हवा, दोन्ही टोकांपासून काठापर्यंतचं अंतर टेपने सारखं करा. बाण वाकडा गेला की दोन धुण्यांत शर्ट अंगावर फिरतो.

कापड बेतण्याआधी रात्रभर पाण्यात ठेवा. सुती कापड आटतंच.

---

तापीकाठ (शहादा)
१९ सप्टेंबर, सकाळी ८:००

ताई, वेचणीची ओटी (वेचलेला कापूस टाकायची कमरेची झोळी) शर्टावरून बांधतात ना? मग पुढचे खालचे खिसे असलेला पॅटर्न घेऊ नका, ओटीखाली खिसा दबतो आणि गाठ रुतते. बाजूला चीर मात्र ठेवा, आठ-नऊ इंच. वाकताना साडी मोकळी राहते. माझ्या सासूबाईंना छातीवरचा एकच खिसा लागतो, तंबाखूच्या डबीसाठी नव्हे, मोबाईलसाठी. त्याला वरून झाकण आणि बटण.

---

सुताची_गुंडी (चोपडा)
२९ सप्टेंबर, रात्री १०:१०

सगळ्यांना उत्तर द्यायला उशीर झाला, मशीनवर होते.

१४ नंबर उतरवला. मूळ कागद कापला नाही, पातळ कागदावर सगळे तुकडे काढून घेतले, कारण मावशींना दुसरे नंबर लागणार. धावदोराताईंनी सांगितलं तसं पुढचा भाग उघडून इंच वाढवला. पहिल्यांदा उभी रेघ छातीच्या टोकाला न जाता जरा बाहेरून गेली आणि टक काखेकडे सरकला, म्हणून पुन्हा केलं. आईला उभं करून टोकाची खूण खडूने साडीच्या कापडावरच केली, मग कागदावर आणली. पाठीला चुणी, बाजूला नऊ इंच चीर, मायेत एक इंच जास्त. बाहीची टेकडी वडिलांच्या शर्टाची बाही उसवून त्यावर ठेवून पाहिली. पॅटर्नची पाऊण इंच उंच होती. तेवढी कमी केली आणि काखेखाली बाही थोडी रुंद केली, म्हणजे मुंढ्याचा गोल जुळला.

आधी परत जुन्या साडीचा शिवला. आईला घालायला दिला आणि अंगणात वाकून वेचल्यासारखं करायला सांगितलं. तिने दोन्ही हात पुढे नेले, खाली वाकली, पुन्हा उभी राहिली आणि म्हणाली, “खांदाले वढस नही आते.” (खांद्याला ओढत नाही आता.) मग शर्ट काढलाच नाही, तसाच घालून भाकरी करायला बसली. कॉलर मागून मानेला टेकलेली, खांद्याची शिलाई हाडावर. खालचं शेवटचं बटण लागलं.

फक्त कफ मनगटाला घट्ट होतो, बांगड्या आहेत हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. मनगट बांगड्यांवरून मोजायला हवं होतं.

---

मुंढा_तिरा (अमळनेर)
३० सप्टेंबर, सकाळी ९:२०

बाहीचा गोल जुळवून घेतलात हे वाचून समाधान वाटलं. कफाला दोन बटणं लावा, एक सैल आणि एक घट्ट. कामाला जाताना घट्ट, एरवी सैल. आणि बटणं जाड दोऱ्याने, बुंध्याला दोरा गुंडाळून. वेचणीत बटणं फार तुटतात.

---

धावदोरा (धुळे)
३० सप्टेंबर, दुपारी २:००

छान झालं. मावशींची मापं घेताना काखेतलं आधी घ्या, टेप पाठीवर सरकू देऊ नका.

---

सुताची_गुंडी (चोपडा)
३० सप्टेंबर, रात्री ९:४५

घेतली. मोठ्या मावशीचं काखेतलं ३६½ आणि छाती ३८, फरक दीडच इंच. म्हणजे तिला सरळ १६, पुढचा भाग उघडायची गरज नाही. धाकट्या मावशीचा फरक साडेतीन आहे, तिला आईसारखंच करावं लागेल. काकूंची मापं रविवारी.

आईचा आणि मोठ्या मावशीचा कपडा भिजत टाकला आहे, केंब्रिक, निळ्या बारीक चौकटीचा. सकाळी वाळला की इस्त्री करून बेतते. चौकटी पुढच्या पट्टीला जुळवायच्या आहेत. त्यासाठी कापड किती जास्त धरायचं हे पन्हाताई सांगतील का?

---

पन्हा_चव्वेचाळीस (जळगाव)
३० सप्टेंबर, रात्री १०:०५

बारीक चौकटीला पाव मीटर पुरे. दोन्ही पुढचे भाग एकदम घडीत कापू नका. एक कापा, तो उलटा करून कापडावर चौकटीवर चौकट ठेवा आणि मग दुसरा कापा.